टेलच्या शाळेपर्यंत शिक्षक

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरादुकानांवर चाल केली आणि दख्खनच्या दंग्यांना तोंड फुटलं. त्यांचा मुख्य रोख कर्जखतांवर होता. ज्या कागदांवर अंगठे उठवून जमिनी गहाण पडल्या, ते कागद बहुतेकांना वाचता येत नव्हते. शाळा कशाला हवी, याचं उत्तर या गावाच्या इतिहासातच आहे.

आज बारामती तालुक्याच्या या जिरायती पट्ट्यात वाड्यावस्त्यांपर्यंत जिल्हा परिषदेच्या शाळा पोचल्या आहेत. पालक आता विचारतात ते वेगळंच: शाळेला गुरुजी किती, आणि ते टिकणार किती दिवस? शिक्षकाचं पद कसं तयार होतं, कसं रिकामं होतं आणि आलेला शिक्षक कशानं टिकतो, हे नीट समजून घेतलं तर गावालाही यात बरंच करता येतं.

पद कसं ठरतं

शाळेत किती शिक्षक असावेत, हे ‘संचमान्यता’ ठरवते. ३० सप्टेंबरचा पट यू-डायस प्रणालीत नोंदवला जातो, विद्यार्थ्यांच्या आधार नोंदी तपासल्या जातात आणि त्यावरून पदं मंजूर होतात. मूळ आधार शिक्षण हक्क कायद्याचा. त्यानुसार पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ९० पर्यंत तीन, १२० पर्यंत चार. सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे किमान एक. राज्याने १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने निकष बदलले. वरच्या वर्गांसाठी ते कडक झाले आणि कमी पटाच्या शाळांमध्ये त्यावर मोठी नाराजी उमटली.

वाडीवरच्या शाळेसाठी याचा अर्थ सरळ आहे. आधारमध्ये नाव चुकलं, जन्मतारीख जुळली नाही, ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाचं मूल नोंदीतून सुटलं, तर पट घसरतो. पट घसरला की पद जातं. मूल मात्र त्याच वर्गात बसलेलं असतं.

रिकामं कसं होतं, भरतं कसं

प्राथमिक शिक्षक ५८ व्या वर्षी निवृत्त होतात, त्यामुळे जिल्ह्यात दर महिन्याला कुणी ना कुणी निवृत्त होत असतं. भरती तशी दर महिन्याला होत नाही. २०१० नंतरची मोठी भरती डिसेंबर २०१७ च्या अभियोग्यता चाचणीवर झाली आणि तिच्यातून नेमणुका मिळायला २०१९ उजाडलं. त्यानंतरची चाचणी फेब्रुवारी-मार्च २०२३ मध्ये झाली, नेमणुका २०२४ मध्ये. मधल्या वर्षांत रिकाम्या झालेल्या वर्गांना कुणी वाली नव्हता. खरं तर रिक्त पदं मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नसावीत, असं शिक्षण हक्क कायद्याचं कलम २६ सांगतं.

भरतीची वाटही लांब आहे. आधी जिल्हा परिषदेची बिंदुनामावली तपासून घ्यायची, म्हणजे कोणत्या प्रवर्गाची किती पदं रिक्त आहेत हे पक्कं करायचं. मग पवित्र पोर्टलवर जाहिरात. उमेदवाराकडे डी.एड.सारखी पात्रता हवी, टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण हवी आणि दोनशे गुणांची अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी दिलेली हवी. त्यानंतर पसंतीक्रम, निवड, कागदपत्रांची पडताळणी आणि शेवटी समुपदेशनाने शाळा. यातली एक पायरी अडली की पुढचं सगळं अडतं.

जनाई-शिरसाई सिंचन योजनेवर डोळे लावून बसणाऱ्या सुप्याच्या शेतकऱ्याला हे पटकन समजेल. आवर्तन सुटलं म्हणून टेलच्या रानात पाणी आलं असं होत नाही. भरती हे आवर्तन आहे. वाटेतली गळती थांबवली नाही तर शेवटच्या शाळेपर्यंत शिक्षक पोचत नाही.

नोकरी सोडत नाहीत, शाळा सोडतात

युनेस्कोच्या २०२४ च्या जागतिक अहवालानुसार २०३० पर्यंत जगाला ४ कोटी ४० लाख शिक्षक आणखी लागतील आणि त्यामागचं एक मोठं कारण म्हणजे शिक्षक पेशाच सोडून चालले आहेत. आपल्याकडे जिल्हा परिषदेची नोकरी सहसा कुणी सोडत नाही. शिक्षक सोडतो ती शाळा, बदली घेऊन.

ही बदली आता ऑनलाइन होते. शाळांची अवघड आणि सर्वसाधारण क्षेत्रात विभागणी असते. अवघड क्षेत्रात तीन वर्षं झाली की शिक्षक ‘बदली अधिकार प्राप्त’ होतो. आजारी, दिव्यांग, विधवा अशांसाठी विशेष संवर्ग भाग १ आहे. पती-पत्नींच्या शाळांत ३० किलोमीटरपेक्षा जास्त अंतर असेल तर भाग २. स्वतःच्या जिल्ह्यात जाऊ पाहणाऱ्यांसाठी आंतरजिल्हा बदली. हे हक्क रास्तच आहेत. घरदार दोनशे किलोमीटरवर असलेल्या माणसाने मन मारून शिकवावं, असं कुणी म्हणू नये. पण जाणाऱ्याच्या जागी येणारा त्याच दिवशी हजर व्हावा, हेही तितक्याच काटेकोरपणे पाहिलं जायला हवं.

कागदावर दोन, वर्गात एक

चौथीपर्यंतची एक द्विशिक्षकी शाळा डोळ्यांपुढे आणू. पट पस्तीस. बाईंकडे पहिली-दुसरी, गुरुजींकडे तिसरी-चौथी. गुरुजी मुख्याध्यापकाचं कामही बघतात. आज त्यांना पंचायत समितीत बैठक आहे, म्हणजे बारामतीला जाऊन यायचं, दिवस गेला. बाई चारही वर्ग एका खोलीत घेतात. चौथीला फळ्यावर भागाकार घालून देतात आणि पहिलीतल्या पोराचा हात धरून काना-मात्रा गिरवून घेतात. तेवढ्यात तांदूळ मोजून द्यायची वेळ होते. खिचडी शिजली की चव घेऊन नोंदवहीत सही करायची, जेवलेल्यांचा आकडा मोबाइलवर भरायचा. तोवर एखाद्या माहितीचा तातडीचा निरोप गटावर येऊन पडलेला असतो. चौथीचे भागाकार तपासायचे राहतात ते राहतातच.

सरकारी तक्त्यात या शाळेत एकही पद रिक्त नाही.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ प्रमाणे शिक्षकाला जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढीच वर्गाबाहेरची कामं देता येतात. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्यानेही शैक्षणिक आणि अशैक्षणिक कामांची वेगळी यादी काढली. ती यादी प्रत्येक मुख्याध्यापकाच्या टेबलावर आणि प्रत्येक शाळा व्यवस्थापन समितीच्या हातात असली पाहिजे. शाळांच्या एका केंद्रातल्या दहा-बारा शाळांना मिळून एक डेटा ऑपरेटर दिला, तर शिक्षकाचं एकही नवं पद न भरता शिकवण्याचे कितीतरी तास परत मिळतील.

पहिली तीन वर्षं

नवा शिक्षक आधी तीन वर्षं ‘शिक्षण सेवक’ असतो. प्राथमिकसाठी त्याचं मानधन दीर्घकाळ सहा हजार होतं. १ जानेवारी २०२३ पासून ते सोळा हजार झालं. सुधारणा मोठी आहे, पण विदर्भ-मराठवाड्यातून आलेल्या तरुणाला यात खोलीचं भाडं, पेट्रोल आणि घरी पाठवायचे पैसे बसवायचे असतात. पगाराच्या शालार्थ प्रणालीत नाव चढायला वेळ लागला तर पहिले काही महिने हातात तेही पडत नाही.

याच काळात त्याला शिकवायलाही कुणीतरी लागतं. डी.एड.ला बहुवर्ग अध्यापन पुस्तकात वाचणं वेगळं आणि चार इयत्ता एका छताखाली सांभाळणं वेगळं. हा आधार द्यायला केंद्रप्रमुख आहे. राज्यात ४,८६० केंद्रं आहेत, पण केंद्रप्रमुखांची पदंच मोठ्या प्रमाणात रिकामी राहिली आणि एकेकाकडे दोन-तीन केंद्रांचा भार गेला. मग शाळाभेट म्हणजे रजिस्टर तपासणी, एवढंच उरतं. केंद्रप्रमुखाने वर्गात मागे बसून एक तास बघावा, एक पाठ स्वतः घेऊन दाखवावा आणि त्यावर चहा घेता घेता बोलावं. नव्या शिक्षकाला यापेक्षा मोठी मदत नाही.

कौतुक म्हणजे काय

५ सप्टेंबरचे पुरस्कार हवेतच. २०२० मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, तेव्हा वाडीवरच्या शाळेकडे बघायची नजरच बदलली. पण पुरस्कार थोड्यांना मिळतो, आणि त्यासाठी बहुतेक वेळा शिक्षकालाच स्वतःचा प्रस्ताव फोटोंसकट तयार करावा लागतो.

खरी कदर रोजच्या कारभारात दिसते. बारा वर्षांनंतरची वरिष्ठ श्रेणी आणि चोवीस वर्षांनंतरची निवड श्रेणी यांचं प्रशिक्षण आणि प्रस्ताव वेळेवर निघणं, पगार तारखेला होणं, वैद्यकीय बिल अडकून न पडणं, ही कदरच आहे. १ सप्टेंबर २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने, निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त अवधी असलेल्या सेवेतल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण होणं बंधनकारक केलं. वीस-पंचवीस वर्षं शिकवलेल्या माणसावर हा मोठा ताण आहे. त्याला अभ्यासाला साहित्य, मार्गदर्शन आणि थोडी मोकळीक देणं हे प्रशासनाचं कर्तव्य आहे.

गावाच्या हातात काय

पुणे जिल्ह्यातच खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरची शाळा पटाअभावी बंद पडायच्या बेतात होती. दत्तात्रय वारे गुरुजी आणि गावकरी यांनी मिळून ती उभी केली, आणि २०२५ मध्ये तिला ‘वर्ल्ड्स बेस्ट स्कूल’ स्पर्धेत लोकपसंतीचा पुरस्कार मिळाला. एकटे गुरुजी किंवा एकटं गाव हे करू शकलं नसतं.

सुप्याच्या परिसरातल्या कोणत्याही शाळा व्यवस्थापन समितीला करता येतील अशा चार गोष्टी आहेत. जून-जुलैतच प्रत्येक मुलाची आधार नोंद तपासून घ्यावी, म्हणजे ३० सप्टेंबरला पट कमी दिसणार नाही. नव्या शिक्षकाला गावात परवडणाऱ्या भाड्याची बरी खोली मिळवून द्यावी. शिक्षिका असेल तर सोबतीची आणि सुरक्षिततेची खात्री द्यावी. बैठकीच्या दिवशी वर्ग सांभाळायला गावातल्या डी.एड. झालेल्या मुलीला किंवा निवृत्त गुरुजींना समितीने रीतसर ठराव करून बोलवावं. आणि निवृत्ती किंवा बदलीने पद रिकामं होणार हे कळताच, ते रिकामं होण्याआधी, गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी मागणी करून पोच घ्यावी.

भरती सरकारने करायची आहे आणि ती वेळेत व्हावी म्हणून भांडायलाच हवं. पण आलेल्या माणसाला इथं राहावंसं वाटणं हे त्याच्या पहिल्या वर्षात ठरतं, आणि त्या वर्षात त्याच्या आजूबाजूला सरकारपेक्षा गावच जास्त असतं.