सायकलवर बारा दिवस

शर्यत म्हटली की आपल्याला बैलांची शर्यत आठवते. झेंडा पडला, धुरळा उडाला, निकाल लागला! पण काही शर्यती दिवसच्या दिवस चालतात. पळण्याची मॅरेथॉन ४२ किलोमीटरची. तिच्याहून कितीतरी लांब पल्ल्याच्या शर्यती आहेत. कोणी त्या पायी पळतात, कोणी सायकलवर करतात. सायकलीची अशी एक मोठी शर्यत १९८२ साली अमेरिकेत सुरू झाली. आपल्या नाशिकच्या माणसांनी ती पुरी केली आहे. तिची ही माहिती.

पश्चिमेच्या समुद्राकाठून निघायचे, पूर्वेच्या समुद्राकाठी पोचायचे. अंतर सुमारे ४,८०० किलोमीटर. एकट्याने जाणाऱ्याला मुदत १२ दिवसांची. आता हिशेब करा. रोजचे ४०० किलोमीटर झाले. म्हणजे सकाळी नाशिकहून निघून पुणे गाठायचे आणि परत नाशिकला यायचे. असे रोज, बारा दिवस!

वाटही सरळ नाही. जूनचा महिना. आधी वाळवंट लागते. आपल्याकडे मे महिन्यात मालेगावला असते तसे ऊन. मग डोंगर. एक घाट तर ३,३०० मीटर उंचीवर आहे. आपल्या कळसूबाईच्या दुप्पट! तिथे थंडीने बोटे आखडतात. पुढे मोकळे माळरान, तिथे वारा तोंडावर येतो. शेवटी पुन्हा डोंगर.

घड्याळ मात्र थांबत नाही. जेवा, झोपा, आजारी पडा, वेळ मोजली जातेच. तासाला २४ किलोमीटर गेले तरी ४०० किलोमीटरला सतरा तास जवळजवळ लागतात. उरले सात. त्यात खाणे, अंग पुसणे, मलमपट्टी, घाटात मोडलेला वेळ. झोपेला दोन-तीन तास मिळाले तरी पुष्कळ.

पाय दुखतात, ते दुखणारच. पण माणूस हरतो तो झोपेपायी. चार दिवस झोप झाली नाही की नसलेले दिसू लागते. झाड माणसासारखे वाटते, रस्ता हलतो. पिकाच्या राखणीला जागणाऱ्याला हे सांगायला नको. म्हणून रात्री सोबतीची गाडी दिवे लावून मागे चालते. तसा नियमच आहे. गाडीतली मंडळी बोलत राहतात, खायला देतात, वाट दाखवतात. एकट्याची शर्यत म्हणतात खरी, पण ती एकट्याची नसतेच.

दुसरी अडचण पोटाची. शरीरातले रक्त पायांकडे आणि कातडीकडे धावते. पोटाला कमी पडते. अन्न पचत नाही, उलटी होते. म्हणून थोडे थोडे, पातळ, वरचेवर द्यावे लागते. नुसते पाणी ढोसूनही चालत नाही. घामाबरोबर मीठ जाते. मग रक्तातले मीठ पातळ होऊन घेरी येते, माणूस बरळतो. पाण्याबरोबर मीठ, साखर हवी. भर उन्हात राबणाऱ्यानेही हे ध्यानात ठेवावे.

आणि मान! माणसाचे डोके सुमारे पाच किलोचे. वाकून बसायचे आणि डोके वर धरायचे, असे दिवसेंदिवस. कुणाकुणाच्या मानेचे स्नायू इतके थकतात की डोके उचलतच नाही. मग पट्ट्याने बांधून वर धरतात.

एवढे सोसून मिळते काय? पोटापाण्याला पुरेल असे बक्षीस नाही. उलट सोबतीच्या माणसांचा, गाड्यांचा खर्च भारी. मला विचाराल तर तो खर्च डोळ्यांत भरतो. पण जाणारे जातात. कुठवर आपण टिकतो, हे त्यांना पाहायचे असते.

२०१५ साली नाशिकचे डॉक्टर बंधू हितेंद्र आणि महेंद्र महाजन गेले. दोघांच्या जोडीत एक सायकल मारतो, दुसरा विसावा घेतो. जोडीला मुदत ९ दिवसांची. त्यांनी ८ दिवस १४ तास ५५ मिनिटांत शर्यत पुरी केली. जोडीने ती पुरी करणारे हे पहिले भारतीय.

एकट्याने पुरी करणारा भारतीय तोवर कोणी नव्हता. नाशिकचे लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ हे सैन्यातले डॉक्टर. २०१६ साली त्यांनी प्रयत्न केला, पण शर्यत अर्धवट सोडावी लागली. शरीर नको म्हणत असताना हट्ट धरला तर जीव जातो. तेव्हा परत फिरले यात कमीपणा कसला? २०१७ साली ते पुन्हा उभे राहिले. ११ दिवस १८ तास ४५ मिनिटांनी पूर्वेच्या किनाऱ्याला पोचले. मुदतीतले पाच तास आणि पंधरा मिनिटे उरली होती. त्यांच्या मागोमाग, मुदत संपायला तीन तासही राहिले नसताना, नागपूरचे डॉक्टर अमित समर्थही येऊन पोचले.