गव्हाची आई

शावुओतच्या सुमारास तिबेरियाहून रोश पिनाकडे जाताना, रस्त्याकडेच्या काळ्या दगडांमधून डोके वर काढणारे, लांब कुसळांचे वाळके गवत आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. पाहिले असेल म्हणण्यापेक्षा तुडवले असेल. मुलांच्या मोज्यांत त्याची कुसळे रुतून बसतात, एवढाच काय तो त्याचा नि आपला परिचय. हिब्रूत या रानगव्हाला ‘एम हाखिता’, म्हणजे गव्हाची आई, असे म्हणतात. हे नाव केवळ लाडाचे नाही.

१९०६ सालच्या जून महिन्यात झिखरोन याकोव्हचे तरुण कृषिशास्त्रज्ञ आरोन आरोनसोन यांना रोश पिना येथील एका द्राक्षमळ्यात, खडकाच्या फटीत हे रोप आढळले. त्यापूर्वी अर्धशतक हर्मोनच्या परिसरातून नेलेला एक वाळका नमुना व्हिएन्नाच्या संग्रहात पडून होता, आणि १८७३ साली कोर्निके नावाच्या जर्मन पंडिताने तो ओळखलाही होता. पण जिवंत रोप कोणी दाखवले नव्हते. पहिल्या महायुद्धातील ‘निली’ या गुप्त संघटनेमुळे आरोनसोन यांचे नाव सर्वतोमुखी झाले. माझ्या मते त्यांचे हे दुसरे कार्य तितकेच मोलाचे आहे. या काटक रानटी वाणाशी शेतातल्या गव्हाचा संकर करावा, म्हणजे रुक्ष भूमीत तग धरणारे पीक मिळेल, असे त्यांच्या मनात होते. त्या विचाराला खरे फळ यावयास मात्र शंभर वर्षे लागली.

रानगव्हाची ओंबी पिकली की आपोआप सुटी होऊन दाणे मातीत विखुरतात. रोपाच्या दृष्टीने ही सोय. कापणाऱ्याच्या दृष्टीने मात्र आपत्ती! सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी माणसाने न विखुरणाऱ्या ओंब्या वेचून त्याच पेरल्या आणि गहू माणसाळला. २०१७ साली तेल अवीव विद्यापीठाचे असाफ डिस्टेलफेल्ड यांच्या नेतृत्वाखाली अनेक देशांच्या शास्त्रज्ञांनी रानगव्हाचा संपूर्ण जनुकसंच वाचून प्रसिद्ध केला. तो मानवी जनुकसंचाच्या तिपटीहून मोठा आहे. त्यात असे दिसले की, ओंबी विखुरण्याचे काम करणाऱ्या जनुकाच्या दोन प्रती असून माणसाळलेल्या गव्हात त्या दोन्ही बिघडलेल्या आहेत. आपली रोजची पोळी या दोन बिघाडांवर उभी आहे, असे म्हटल्यास वावगे होऊ नये.

परंतु वेचताना काही चांगलेही निसटले. २००६ साली हैफा विद्यापीठ आणि कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथील संशोधकांनी रानगव्हातले एक जनुक शोधून काढले. दाणा भरताना ते पानांना लवकर पिकवते आणि पानांतले नत्र, लोह व जस्त दाण्यात उतरवते. आजच्या बहुतेक गव्हांत याच जनुकाची निकामी प्रत आहे. हा परिणाम पडताळण्यासाठी संशोधकांनी एका गव्हात या जनुकाचे व त्याच्या भावंडांचे काम मंदावून पाहिले, तेव्हा पाने तीन आठवड्यांहून अधिक काळ हिरवी राहिली आणि दाण्यातील प्रथिने, लोह व जस्त तीस टक्क्यांहून अधिक घटली. पोळी हेच मुख्य अन्न असलेल्या घरात हा फरक लहान नव्हे. हे जनुक साध्या संकरानेही गव्हात आणता येते. फक्त हजारो रोपांतून नेमके रोप निवडण्यासाठी पानाचा कपटा घेऊन त्यातील डी.एन.ए. तपासतात, पूर्वी त्यासाठी पीक पिकेपर्यंत थांबावे लागे. अर्थात यात सगळा लाभच आहे असे नाही. पाने लवकर वाळल्याने काही ठिकाणी दाणा बारीक राहतो, म्हणून प्रत्येक प्रदेशात नव्याने पारख करावी लागते.

दुसरी गोष्ट तांबेऱ्याची. वाऱ्यावर येणारी ही बुरशी उभे शेत काही आठवड्यांत निकामी करते. पिवळ्या तांबेऱ्याला रोखणारे ‘वायआर १५’ नावाचे जनुक इस्रायलच्या रानगव्हात सापडले. ते नेमके कोणते, हे २०१८ साली स्पष्ट झाले.

येथे मला मिरज आठवते. वडील रेल्वेत होते आणि शेजारच्या काकू सणाला खपली गव्हाची खीर देत. खपली कांडून सडावी लागते, म्हणून आई कुरकुरे, पण खीर मात्र वाटीभर जास्त मागून घेई! ही खपली याच रानगव्हाची माणसाळलेली लेक आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सिडनीचे प्राध्यापक वॉटरहाउस यांनी तिचा तेथील गव्हाशी संकर केला. त्या वाणाचे नावच ‘खपस्टीन’. खपलीतले ‘एसआर १३’ हे जनुक खोडावरच्या काळ्या तांबेऱ्याला अडवते. १९९८ साली युगांडात आढळलेल्या ‘यूजी ९९’ या भयंकर वाणालाही ते दाद देत नाही. २०१७ साली त्याची रेणवीय ओळख पटली. दख्खनच्या शेतकऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या जे बियाणे हट्टाने जपले, ते असे दूरदेशी उपयोगी पडले.

गालीलमधल्या आईला मात्र जपणारा शेतकरी नाही. बियाण्यांच्या शीतपेढीत दाणे राहतात हे खरे, पण तेथे ते नव्या रोगांशी झुंजत नाहीत. ती झुंज डोंगरावरच होते, आणि डोंगरावर रस्ते नि वस्त्या वाढत आहेत. रोश पिनाजवळ अमियाद येथे १९८४ पासून एका लहानशा टेकडीवरील ठरावीक जागांचे दाणे वेळोवेळी गोळा केले जातात. छत्तीस वर्षांच्या नमुन्यांचा डी.एन.ए. तपासता असे दिसले की, काही पावलांच्या अंतरावर वेगवेगळे वंश नांदतात आणि बहुतांशी आपापली जागा सोडत नाहीत. कपारीतला कपारीत, उघड्यावरचा उघड्यावर. तेव्हा टेकडीचा एखादा कोपरा उकरला गेला, तर तेथील वंश शेजारच्या कोपऱ्यात सापडेलच असे नाही.

पुढच्या सहलीत मोज्यांतले कुसळ काढाल, तेव्हा ते गाडीत न टाकता तिथल्या तिथेच मातीत टाका.