जुन्या स्पोर्ट्स कारमधील ब्रेकसुधारणा

जुन्या स्पोर्ट्स कारमधील ब्रेकसुधारणा म्हणजे मूळच्या ड्रम ब्रेकच्या जागी, प्रामुख्याने पुढील चाकांवर, डिस्क ब्रेक बसविणे होय. 'एमजी टीसी' (१९४५–५०) या मोटारीच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक होते. १९५३ ची ल मां शर्यत 'जॅग्वार सी-टाइप'ने डिस्क ब्रेकच्या साहाय्याने जिंकली. १९६२ च्या 'एमजीबी'च्या पुढील चाकांना डिस्क ब्रेक होते.

कारण

बोरघाटासारख्या लांब उतारावर ब्रेक सतत दाबल्यास बंद ड्रममधील उष्णता लवकर बाहेर पडत नाही. त्यामुळे घर्षण घटून ब्रेकची पकड कमी होते. उघडी डिस्क हवेने लवकर थंड होते.

दक्षता

ड्रममधील ब्रेक शू चाकाच्या फिरण्यानेच अधिक आवळले जातात. डिस्कमध्ये तसे होत नाही. म्हणून पेडलवर अधिक जोर द्यावा लागतो किंवा सर्वो बसवावा लागतो. ड्रमसाठीच्या अनेक मास्टर सिलिंडरांत थोडा दाब कायम राखणारी झडप असते. ती तशीच राहिल्यास पॅड डिस्कवर घासत राहतात. ब्रेक लावताना मोटारीचा भार पुढे सरकतो. अशा वेळी मागील चाके आधी जखडल्यास मोटार घसरून गरकन फिरू शकते. त्यामुळे रूपांतरानंतर पुढील व मागील ब्रेकचा समतोल तपासणे अत्यावश्यक असते. डिस्क ब्रेक बसविल्यानंतरही घाट उतरताना खालचा गिअर वापरावाच लागतो.