टेबलावरची डेक्कन क्वीन

देवगडला रेल्वे नाही. कणकवलीला नाहीतर नांदगाव रोडला उतरायचं आणि पुढं एसटी धरायची, हे इथल्या चाकरमान्यांना पाठ आहे. पण देवगडच्या ज्या पडवीत धार लावायचा बेंच ग्राइंडर बसलाय, त्या पडवीतून एक गाडी बटण दाबलं की सुटते आणि ती चक्क डेक्कन क्वीनला मागं टाकते. थट्टा नाही, हिशोब आहे. कागद-पेन्सिल घ्या, मिळूनच करू.

हार्डवेअरच्या दुकानात बहुतेक वेळा पहिल्यांदा पुढ्यात येतो तो सहा इंची ग्राइंडर. सहा इंच म्हणजे त्याच्या फिरत्या दगडाचा 150 मिलिमीटर व्यास, म्हणजे परीघ 47 सेंटिमीटर. चांगला हातभर! आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे यातली साधी मोटर मिनिटाला 2850 च्या आसपास फेरे मारते. आता हातभर गुणिले 2850. दगडाची कड मिनिटाला 1343 मीटर पळते, तासाला 80 किलोमीटर! मुंबई-पुणे लोहमार्ग 192 किलोमीटरचा. 1 जून 1930 ला सुरू झालेली आपली लाडकी राणी तो पार करायला तीन तासांहून थोडा जास्तच वेळ घेते. दगडाच्या कडेवर बसलेली मुंगी मात्र 2 तास 23 मिनिटांत पुण्यात, आणि तेही खंडाळ्याचा घाट न चढता.

आठ इंची घेतलात तर? मोटरचे फेरे तेवढेच, पण परीघ वाढला. तासाला 107 किलोमीटर, पावणेदोन तासांत पुणे. आणि तो हातात धरायचा चार इंची अँगल ग्राइंडर, मिनिटाला 11,000 फेऱ्यांचा? तासाला 207! मुंबईत चहा सांगा, 56 मिनिटांनी पुण्यात प्या. म्हणून नुसते फेरे विचारून यंत्र घेऊ नये. फेरे आणि व्यास, दोन्ही एकत्र विचारायचे.

तासाभरात या सहा इंची दगडाचे 1 लाख 71 हजार फेरे होतात. तुम्ही सेकंदाला एक अशा वेगानं मोजायला बसलात तर न झोपता, न जेवता जवळजवळ दोन दिवस आणि दोन रात्री लागतील. तासाभराचं काम मोजायला!

आता जरा जवळ जाऊ. दगड म्हणतो आपण, पण तो असतो कणांचा गठ्ठा. 60 नंबरचा कण साधारण पाव मिलिमीटरचा. सहा इंची, 20 मिलिमीटर जाडीच्या एका दगडात असे कण किती? कंजूषपणे मोजले तरी कोटीभर! तो दगड पाचशे रुपयांना मिळाला असं धरलं तर रुपयाला 20 हजार धारदार दात पडतात. एवढ्या स्वस्तात दुसरं काय मिळतं सांगा. असे दगड आपल्याच किनाऱ्यावर, उरणजवळच्या मोरा इथं, 1941 पासून घडू लागले, हे जाता जाता.

कोटीतले बहुतेक कण आत दडलेले. कडेच्या पृष्ठभागावर चौरस मिलिमीटरला एकच कण कामाला लागतो असं धरा. तरी 9,400 होतात. तेवढे कण सेकंदाला साडेसत्तेचाळीस वेळा दगडाला लावलेल्या कोयत्यावरून जातात. म्हणजे सेकंदाला जवळपास साडेचार लाख ओरखडे! 2011 च्या जनगणनेत सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या 8,49,651. माणशी एक ओरखडा धरला तर सगळा जिल्हा दोन सेकंदांत आटोपतो. त्याच जनगणनेतला सव्वाअकरा कोटींचा महाराष्ट्र सव्वाचार मिनिटांत. आणि 121 कोटींचा अख्खा भारत? पाऊण तास. तेवढ्या वेळात बागेतले कोयते, घरची आडोळी, मासळीच्या सुऱ्या आणि सुताराची पटाशी असा सगळा ढीग उरकतो.

हे रेटतं कोण? अर्धा हॉर्सपॉवर, म्हणजे 373 वॅट. छोटा आकडा वाटतो ना? विहिरीवर नेऊन बघू. तूट सोडली तर एवढी ताकद 10 मीटर खोल विहिरीतून 15 लिटरचा हंडा चार सेकंदांत वर आणते. चार सेकंदांत हंडा, पुन्हा हंडा, पुन्हा हंडा, दम न लागता. हीच सगळी ताकद तुम्ही केसाएवढ्या बारीक धारेवर ओतता तेव्हा काय होतं, ते कोयता धरून पाहण्यासारखं आहे. ठिणग्यांचा पिसारा खाली पायाकडे झेपावतो. ठिणगी म्हणजे हवेत जळणारा लोखंडाचा कण, हजार अंशांच्या वर तापलेला, पण इतका चिमुकला की हातावर पडला तर जेमतेम टोचतो. खरी नजर ठेवायची ती धारेवर. आधी गवताच्या काडीसारखा फिकट पिवळा रंग येतो, मग तपकिरी, मग जांभळा, आणि पापणी लवायच्या आत निळा. निळा म्हणजे 300 अंशांच्या घरात. तिथं पोलादाचं पाणी उतरलं. धार दिसेल, टिकणार नाही. म्हणून शेजारी पाण्याची बादली हवीच, आणि पिवळा दिसायच्या आधीच कोयता तिच्यात बुडायला हवा.

आता गंमत बघा. धारेच्या कामाला सगळ्यात चांगला ग्राइंडर हा सगळ्यात संथ ग्राइंडर! आठ इंची, पण निम्म्या फेऱ्यांचा, मिनिटाला 1425 च्या आसपास. कड तासाला 54 किलोमीटर, पुणे साडेतीन तासांवर. डेक्कन क्वीनच्याही मागे. तो प्रत्येक दुकानात मिळेलच असं नाही, पण ज्याच्या घरी कोयते, सुऱ्या आणि पटाश्याच जास्त, त्यानं तोच शोधावा. गंजलेले कुदळ-पिकाव घासायचे असतील तर सहा इंची 2850 उत्तम. खाऱ्या वाऱ्याच्या गावात ते काम काही कमी नाही.

शेवटचा आकडा, आणि इथं जरा टेबल धरून बसा. फिरत्या दगडाच्या कडेवरची प्रत्येक वस्तू बाहेर उधळू पाहते. का ते भौतिकशास्त्रावर सोपवू. साध्या सहा इंची ग्राइंडरवर ही ओढ वजनाच्या 680 पट भरते. लढाऊ विमानाचा वैमानिक नऊ पटीला बेशुद्धीच्या उंबरठ्यावर येतो. पाव किलोचा देवगड हापूस कडेवर चिकटवला असं समजा. त्याचा भार होतो 170 किलो! पाच डझनांची पेटी 15 किलोंची धरली तर एका आंब्यात अकरा पेट्या!

आणि आता तो जुगाड, जो काही जण हसत हसत करतात. अँगल ग्राइंडरचं संरक्षक कवच काढायचं आणि त्याच्यावर बेंच ग्राइंडरचा हाच सहा इंची दगड चढवायचा. फेरे 2850 वरून 11,000. जवळजवळ चौपट, पण ओढ वेगाच्या वर्गानं वाढते. चौपटीची पंधरापट! कड तासाला 311 किलोमीटर. पुणे 37 मिनिटांत. ओढ वजनाच्या दहा हजार पट. तोच पाव किलोचा आंबा आता अडीच टनांचा. जवळजवळ 170 पेट्या, एका आंब्यात! आणि कोटीभर कणांना धरून ठेवणारी ती भाजलेली माती सेकंदाला 35 मीटरपर्यंतच टिकेल असं दगडावर छापलेलं असतं, तर आपण तिला 86 ला नेऊन ठेवलेलं असतं. तुकडा सुटला तर कवच नाही, आणि समोर तोंड आपलंच.

सेकंदाला 35 मीटरच्या सहा इंची दगडाची मर्यादा मिनिटाला 4456 फेरे. हे आकडे दगडाच्या मधल्या गोल कागदावर असतात. यंत्राचे फेरे त्याहून कमीच हवेत. दुकानातच दगड भोकात बोट घालून लोंबता धरायचा, स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीनं हलकेच टिचकवायचा. टण्ण वाजला तर घ्यायचा, भद्द वाजला तर दुसरा मागायचा. घरी बसवल्यावर टेका आणि दगड यांच्यातली फट 3 मिलिमीटरवर आणायची, बटण दाबायचं आणि मिनिटभर बाजूला उभं राहायचं. त्या मिनिटात दगड 1343 मीटर धावतो.