मुंबईच्या भटारखान्यातली आग

जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना आणि हॉटेलांना स्वच्छ इंधनाकडे वळण्यासाठी सहा महिन्यांची मुदत दिली. त्यावर शहरभर एकच प्रश्न चर्चेत आला : पावाची चव जाणार का? ही काळजी रास्त आहे. पण धंद्याच्या चुलीत आजवर काय काय जळलं याचा मागोवा घेतला, तर आणखी एक गोष्ट ठळक दिसते. इंधन बदललं ते कधी भावामुळे, कधी जागेमुळे, कधी कायद्यामुळे. आगीपुढे उभा राहणारा भटारी त्या हिशेबात क्वचितच होता.

सुरुवातीला सगळी भिस्त वखारीवर होती. हलवाई, खानावळवाले जळाऊ लाकूड आणि लोणारी कोळसा वापरत. चहावाल्यांकडे भुशाची शेगडी असे. पत्र्याच्या डब्यात मधोमध दांडा उभा करून भोवती लाकडाचा भुसा ठासायचा आणि दांडा अलगद काढून घ्यायचा. त्या पोकळीतून पेटलेली शेगडी तासन् तास चाले. फुकटात मिळणाऱ्या भुशावर दिवसाचा धंदा निघे.

१८६५ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले. दगडी कोळसा बंद भट्टीत तापवून काढलेला तो वायू पुढे नळातून काही घरांच्या आणि हॉटेलांच्या चुलीपर्यंत पोचला. धूर गेला, पण त्या वायूत कार्बन मोनॉक्साइड असल्याने गळती जिवावर बेतणारी होती.

गिरणगावात मात्र राज्य होतं रॉकेलचं. चाळीतल्या एका खोलीत गिरणी कामगारांचे डबे रांधणाऱ्या बायकांना लाकडं रचायला जागा कुठून असणार? पंप मारून पेटवायचा स्टोव्ह कोपऱ्यात मावत असे. त्याच्या घरघरीत आणि वासात त्यांनी कामगारांच्या पिढ्या जेवू घातल्या. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि या खानावळवाल्या बायकांना बँकेचं कर्ज मिळू लागलं. तोवर त्यांच्या श्रमांकडे धंदा म्हणून फारसं कुणी पाहिलंच नव्हतं.

पन्नाशीच्या दशकात तुर्भे-माहुलला तेलशुद्धीकरण कारखाने आले आणि १९५५ च्या सुमारास बर्मा-शेलने सिलिंडरमधला गॅस बाजारात आणला. हळूहळू हॉटेलांच्या मागच्या दारी १९ किलोंचे सिलिंडर दिसू लागले. आच हवी तेव्हा वाढवता-कमी करता येणं ही आचाऱ्यासाठी मोठीच सोय होती. सबसिडी मात्र घरगुती, १४.२ किलोंच्या सिलिंडरला. त्यामुळे भाव चढला की लहान हॉटेलवाला पुन्हा कोळशाकडे किंवा काळ्या बाजारातल्या घरगुती सिलिंडरकडे वळे. १९९५ मध्ये महानगर गॅस स्थापन झाली आणि नळाचा नैसर्गिक वायू हॉटेलांपर्यंत पोचू लागला. सिलिंडर साठवण्याची जोखीम त्यामुळे टळली. शिवाय हा वायू हवेहून हलका, तर सिलिंडरचा गॅस जड आणि जमिनीलगत साचणारा.

या सगळ्या बदलांत बेकरीची भट्टी जागची हलली नाही, त्याला कारण आहे. विटांची ती घुमटी एकदा तापली की उष्णता धरून ठेवते. कडक आचेला पाव, मग आच उतरेल तसे बिस्किटांसारखे जिन्नस, असा एकाच जळणात कामाचा क्रम लागतो. गॅसवर जायचं तर नुसतं इंधन बदलून भागत नाही, अख्खी भट्टी बदलावी लागते. त्यात जुन्या फर्निचरचं भंगार लाकूड स्वस्त पडतं. रंग, पॉलिश आणि प्लायवूडचा गोंद त्याच्यासोबत जळतो. तो विषारी धूर वस्तीत पसरतो, पण सर्वांत आधी भट्टीवरच्या कामगाराच्या छातीत जातो.

मोठी स्वयंपाकघरं बदलू शकतात, हे शिर्डीने दाखवलं आहे. २००९ मध्ये साईबाबा संस्थानाच्या प्रसादालयावर ७३ सौर तबकड्या बसल्या आणि त्यांच्या वाफेवर हजारो भाविकांचा भात, वरण शिजू लागलं. पण संस्थानाकडे पैसा होता, गच्ची होती. गल्लीतल्या बेकरीवाल्याकडे दोन्ही नाही.

म्हणून केवळ मुदत घालून हा बदल पुरा होणार नाही. गल्लीपर्यंत गॅसची जोडणी, नव्या भट्टीसाठी परवडणारं कर्ज आणि भट्टी बांधून होईपर्यंत कामगारांची मजुरी, या तिन्हींची तरतूद झाली तरच पाव स्वस्त राहील आणि तो भाजणाऱ्याची छातीही शाबूत राहील. भावाचा हिशेब आपण कायमच केला. आता भटाऱ्याच्या श्वासाचाही करायला हवा.