माळ्यावर फुसफुसते कोण?



रोहिणी नक्षत्र लागले की बांधावरच्या आंब्यातून पावशा ओरडू लागतो आणि आपल्याला ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ असे ऐकू येते. माळावर तित्तिर बोलतो, नांगरटीत टिटवी ओरडते, भर दुपारी वडावर तांबटाचे ‘टुक टुक’ चालू असते. ही नावे आपल्या वाडवडिलांनी डोळ्यांनी नव्हे, कानांनी ठेवली आहेत. तित्तिर, टिटवी, कोकीळ ही नावे म्हणजे त्या पाखरांच्या हाकाच होत. तांबट तर भांड्यावर ठोके मारल्यासारखा बोलतो म्हणूनच तांबट. तेव्हा आवाजावरून पक्षी ओळखण्याची विद्या मी तुम्हाला नव्याने शिकवावी असे नाही. ती तुमच्या घरातलीच आहे.

मला आज सांगायचे आहे ते ओळखू न आलेल्या आवाजाबद्दल. त्यापायी माणसाच्या हातून काय घडते ते मी पाहिले आहे, आणि एकदा माझ्याच हातून ते घडले आहे.

मिरचीची धुरी

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत भीमाकाठच्या एका गावी मुक्कामाला होतो. ज्यांच्याकडे उतरलो होतो त्यांच्या जुन्या घराच्या माळ्यावरून रात्रभर ‘फुस्स, फुस्स’ असा आवाज येई. घरात कोणाचा डोळ्याला डोळा लागेना. ‘साहेब, नाग असंल का?’ असे त्यांनी विचारले. मीही कान देऊन ऐकले आणि मोठ्या शहाणपणाने सांगितले, ‘सापच दिसतो. मिरच्या टाकून धुरी द्या, निघून जाईल.’

सकाळी धुरी दिली. नाग काही निघाला नाही. थोड्या वेळाने माळ्याच्या कोपऱ्यातून पांढऱ्या लवीची तीन पिले खाली पडली. गुदमरून मेलेली. घरच्या आजीने ती सुपात घेतली आणि म्हणाली, ‘लेकरं व्हती की रं ही.’ कृषी पदवीधर म्हणवणारा मी तिथे मान खाली घालून उभा होतो.

ती गव्हाणी घुबडाची पिले होती. अंधार पडला की ती भुकेने फुसफुसू लागतात आणि आईबाप उंदीर घेऊन येईपर्यंत थांबत नाहीत. साप डिवचला की फुत्कारतो, रात्रभर एका लयीत फुसफुसत बसत नाही. एवढे जरी मला ठाऊक असते तरी पुरे होते. माळ्याखाली काळपट गोळ्या पडल्या होत्या, त्या मी विष्ठा समजलो. घुबड उंदीर सहसा अख्खा गिळते. हाडे आणि केस पचत नाहीत, त्यांची गोळी करून ते तोंडावाटे टाकते. म्हणजे त्या घराच्या शेतातले किती उंदीर कमी झाले याचा हिशेबच माळ्याखाली पडला होता आणि मला तो वाचता आला नाही.

दुसऱ्या वेळी मोबाइल होता

काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका गावी तसाच प्रसंग आला. घरात म्हातारी आजारी. गोठ्याच्या आढ्यावरून रात्री कर्कश किंचाळी येई आणि मागोमाग फुसफुस. ‘घुबड ओरडतंय, आई जाणार,’ असे शेजारीपाजारी बोलू लागले. मुलांनी काठीला गोणपाट गुंडाळून रॉकेल आणून ठेवले होते. मी म्हटले, ‘एक रात्र थांबा.’

त्या रात्री गोठ्याच्या दाराशी मोबाइल ठेवून आवाज टिपला. सकाळी म्हातारीच्या उशाशी बसून तो तिला ऐकवला. मग जाणकारांनी टिपलेला गव्हाणी घुबडाचा आवाज लावला. दोन्ही सारखेच. गोठ्यातली एक गोळी पाण्यात भिजवून काडीने सोडवली, तर आत उंदरांच्या कवट्या निघाल्या. म्हातारी बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, ‘आजारी मी हाय, त्यात त्या पाखराचा काय गुन्हा? राहू द्या त्याला.’

श्रावणात म्हातारी गेली. दिवसांना मी भेटायला गेलो तेव्हा थोरला मुलगा म्हणाला, ‘गावात बोलतात, घुबडानं नेली म्हणून. पण तिनंच राहू द्या म्हणून सांगितलंय. आम्ही कसं हाकलावं?’ घुबड राहिले. एरवीही वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे घुबड पकडणे किंवा मारणे हा गुन्हा आहे. पण त्या घराला कायद्यापेक्षा आईचा शब्द मोठा वाटला.

आवाज कसा टिपावा?

पक्ष्यांचा आवाज दोन प्रकारचा असतो. एक गाणे. विणीच्या दिवसांत बहुधा नर गातो, ‘ही जागा माझी’ हे इतरांना कळावे आणि मादी यावी म्हणून. ‘कुहू कुहू’ करणारा तो काळा नर कोकीळ. मादी ठिपकेदार असते आणि नुसती ‘किक् किक्’ करते. दुसरा प्रकार म्हणजे हाक. ती बारमाही असते. सातभाई नि बुलबुल एकाच झुडपाभोवती कालवा करू लागले तर पाय जपून टाकावा. तिथे साप, मुंगूस नाहीतर मांजर असण्याचा संभव असतो.

आवाज टिपायला पहाटेपासून ऊन चढेपर्यंतची वेळ उत्तम. वारा कमी असावा, मोटार बंद असावी. मोबाइलची घंटी बंद करा, खालचे टोक पक्ष्याच्या दिशेने धरा आणि हात हलवू नका. अर्धा ते एक मिनिट पुरे. शेवटी स्वतःच्या आवाजात तारीख, वेळ, ठिकाण आणि पक्षी कशावर बसला होता ते बोलून ठेवा. महिन्याने ऐकताना याचाच उपयोग होतो.

अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिशास्त्र प्रयोगशाळेचे ‘मर्लिन’ नावाचे ॲप फुकट मिळते. त्यात आवाजावरून पक्षी ओळखण्याची सोय २०२१ साली आली. भारतातल्या पक्ष्यांची माहिती एकदा उतरवून घेतली की रेंज नसली तरी शेतात चालते. ‘झेनो-कँटो’ या संकेतस्थळावर जगभरच्या लोकांनी टिपलेले आवाज ऐकायला मिळतात. मात्र यंत्रावर डोळे झाकून विसंबू नका. कोतवाल शिक्र्याची हुबेहूब नक्कल करतो, तिथे यंत्रही फसू शकते. नाव कळले की झाडाकडे बघून खात्री करा.

ही कला तशी जुनी आहे. १८८९ साली जर्मनीत लुडविग कोख या आठ वर्षांच्या मुलाने मेणाच्या नळकांड्यावर पिंजऱ्यातल्या पाखराचे गाणे टिपले. पक्ष्याच्या आवाजाचे हेच पहिले ज्ञात मुद्रण मानतात. ते पाखरू होते शामा, आपल्या सह्याद्रीच्या रानातही राहणारा!

हाकेने लागलेला शोध

आवाजाचे मोल किती, हे रानपिंगळ्याने दाखवले. १८७३ साली या छोट्या घुबडाची शास्त्रीय नोंद झाली. १८८४ नंतर मात्र तो खात्रीने कोणाला दिसला नव्हता. तो नामशेष झाला असेच पुष्कळांना वाटले. नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आजच्या नंदुरबार जिल्ह्यात, शहाद्याजवळच्या जंगलात तो पुन्हा दिसला. पुढे त्याची हाक मुद्रित झाली. ती रानात ऐकवायची आणि उत्तर येते का ते पाहायचे, अशा रीतीने अभ्यासकांनी मेळघाटासह इतर जंगलांत त्याचा शोध घेतला. २०१४ साली तो मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यातही आढळला.

परंतु असा आवाज ऐकवणे हे अभ्यासकांचे काम आहे. आपण मौजेखातर घरट्याजवळ तो लावू नये. दुसरा नर आला असे समजून पक्षी घरटे सोडून धावतो आणि अंडी-पिले उघडी पडतात.

आणखी एक सांगणे. पावशा ओरडला म्हणून पेरणी उरकू नका. तो त्याच्या विणीचा हंगाम आला म्हणून ओरडतो. आपण मात्र ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल झाल्यावरच पाभर धरावी.

या हंगामात घरातल्या शाळकरी मुलाच्या हाती एक वही आणि मोबाइल द्या. त्याला आजी-आजोबांजवळ बसवा. कोणते पाखरू कसे बोलते, कोणाला तुमच्याकडे काय म्हणतात, हे त्यांच्याच आवाजात टिपू द्या, कारण ही माणसे गेल्यावर ती नावे यंत्र सांगणार नाही. आणि माळ्यावर रात्री कोणी फुसफुसले, तर धुरी देण्याआधी एकदा नीट ऐका. मी त्या वेळी ऐकले नव्हते.