शेकडा निकालामागचा पट

दहावीचा निकाल लागला की जबलपूर असो वा सातारा, मोक्याच्या चौकांत एकाच नमुन्याचे फलक झळकू लागतात : शाळेचे नाव, गुणवंतांची छायाचित्रे आणि खाली ठळक अक्षरांत 'निकाल १०० टक्के'. पाल्याच्या प्रवेशाच्या विवंचनेत असलेले पालक हाच आकडा प्रमाण मानतात. तो खोटा नसतो. परंतु नफ्याचा आकडा जसा गुंतविलेल्या भांडवलाशेजारी ठेवूनच वाचावयाचा असतो, तसा निकालाचा टक्काही पटाशेजारी ठेवून वाचावा लागतो. आणि फलकावर पट छापण्याची प्रथा नाही.

समजा, एका शाळेत पहिलीच्या वर्गात ४० मुले दाखल झाली. त्यांपैकी २५ दहावीच्या परीक्षेस बसली व सर्व उत्तीर्ण झाली. निकाल १०० टक्के. दुसऱ्या शाळेतील ४० पैकी ३८ जण परीक्षेस बसले, ३४ उत्तीर्ण झाले. निकाल सुमारे साडेएकोणनव्वद टक्के. फलकावर पहिली शाळा सरस ठरेल. मात्र प्रवेश घेतलेल्या मुलांच्या हिशेबाने पहिलीचा निकाल साडेबासष्ट टक्के आणि दुसरीचा ८५ टक्के भरतो.

मधली मुले जातात कोठे? काही स्थलांतरित होतात, काही शाळा सोडून कामास लागतात. महाराष्ट्रात आणखी एक वाट आहे, ती म्हणजे सतरा नंबरचा अर्ज. हा अर्ज भरून खासगीरीत्या परीक्षेस बसण्याची सोय मुळात ज्यांचे शिक्षण खंडित झाले त्यांच्यासाठी आहे. पण नववीतील कच्च्या मुलाच्या पालकास बोलावून 'सतरा नंबर भरा' असा सल्ला दिला जातो, तेव्हा त्या सोयीचा लाभ मुलापेक्षा शाळेच्या टक्क्यालाच अधिक होतो. मध्य प्रदेशात २०१६ पासून राज्य मुक्त शाळा मंडळाने 'रुक जाना नहीं' ही योजना सुरू केली. मंडळाच्या परीक्षेत अनुत्तीर्ण झालेल्यांना तीमुळे पुन्हा संधी मिळू लागली. घसरलेल्यास हात देणारी ही व्यवस्था स्वागतार्ह खरीच. तथापि मूल घसरूच नये म्हणून काय करता येते, याचे उत्तर शोधावयाचे तर एखादी लहान, वेगळ्या वाटेने जाणारी शाळा पाहावी लागते.

सातारा जिल्ह्यातील फलटण येथील कमला निंबकर बालभवन ही अशीच एक शाळा. डॉ. मॅक्सीन बर्नसन या मूळच्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ. फलटणच्या बोलीचा अभ्यास करण्यास त्या १९६६ साली तेथे आल्या, तेथेच राहिल्या आणि १९७८ मध्ये त्यांनी भारतीय नागरिकत्व स्वीकारले. गावातील दलित वस्तीतील शाळाबाह्य मुलांना त्या शिकवू लागल्या तेव्हा एक विदारक गोष्ट त्यांच्या ध्यानी आली : जी मुले शाळेत जात होती, त्यांतील अनेकांनाही वाचता येत नव्हते. हजेरीपटावर नाव होते, पण पुस्तकातील ओळ परकीच होती. या कामातून १९८४ साली प्रगत शिक्षण संस्था स्थापन झाली आणि १९८६ मध्ये बालभवन सुरू झाले. शाळेस ज्यांचे नाव दिले त्या कमलाबाई निंबकर याही जन्माने अमेरिकन. ऑक्युपेशनल थेरपीचे शिक्षण भारतात प्रथम सुरू करण्याचे श्रेय त्यांच्याकडे जाते.

या शाळेचे वैशिष्ट्य तिच्या पटात आहे. दलित, भटक्या-विमुक्त व कारागीर कुटुंबांतील मुले आणि सुशिक्षित मध्यमवर्गीयांची मुले एकाच वर्गात बसावीत, हे येथे हेतुपुरस्सर ठरविलेले. शिक्षणहक्क कायद्याने खासगी शाळांतील २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांसाठी राखून ठेवल्या, तो कायदा १ एप्रिल २०१० रोजी अमलात आला; फलटणच्या या शाळेने तत्पूर्वी चोवीस वर्षे ही वाट धरली होती. माध्यम मराठीच. वाचन शिकविताना संपूर्ण मुळाक्षरे घोकून घेण्याऐवजी मोजकी अक्षरे व मात्रा देऊन त्यांतून लगेच अर्थपूर्ण शब्द घडवावयाचे, मुलाच्या घरच्या बोलीस चूक न ठरविता तिच्यापासून प्रमाण भाषेपर्यंत जावयाचे, अशी रीत. ज्याच्या घरी वर्तमानपत्र येत नाही त्या मुलास ही रीत तारक ठरते. ज्याच्या घरी येते त्याचेही तीमुळे काही बिघडत नाही.

अशा शाळांचे मूल्यमापन करताना आकडेशास्त्राची एक साधी अडचण येते. वर्गात २० मुले असतील तर एका मुलाच्या यशापयशाने निकाल ५ टक्क्यांनी हलतो. २०० मुलांच्या शाळेत तो अर्ध्या टक्क्यानेच हलतो. म्हणून लहान शाळेचा एका वर्षाचा उच्चांक डोक्यावर घेऊ नये, आणि एखाद्या वर्षीच्या घसरणीचा बाऊही करू नये. पाच-सात वर्षांची सरासरी, पहिलीत दाखल झालेल्यांपैकी दहावीस पोहोचलेल्यांचे प्रमाण आणि घरातून प्रथमच दहावी होणारी मुले किती, ही माहिती मागितल्यास कोणत्याही प्रामाणिक मुख्याध्यापकास ती देता येईल. शाळेच्या दप्तरात ती बहुतांशी असतेच, विचारणारे कमी.

मिश्र पट उभा करण्यापेक्षा टिकविणे अधिक अवघड. इंग्रजी माध्यमाच्या ओढीने सुस्थित पालक आपली मुले मराठी शाळांतून काढून घेतात, आणि वर्गात उरतात ती पर्याय नसलेल्यांची मुले. त्यांच्या शेजारी बसून पुस्तकांविषयी बोलणारा सोबती गेला, ही हानी कोणत्याही तक्त्यात येत नाही. पहिलीचा पट आज असा पालटला, तर दहावीच्या निकालात त्याचा पडसाद उमटावयास दहा वर्षे जावी लागतात.